कामाचा ताण, तब्येत आणि ज्याची त्याची मर्जी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँकेत, आयटीत, एमआयडीसीत, दवाखान्यात, शाळेत आणि दुकानात काम करणारी माणसं चहाच्या सुट्टीत एकमेकांना जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं कुठे लांबली आहेत, कुठे दोन ओळींत संपली आहेत. तुमची तपासणी केलेल्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचं ऐका.

धावपळ तर सगळ्यांनाच आहे. मला 'ताण' आहे हे कसं ओळखायचं?

काम संपल्यावर शरीर खाली उतरतं का, एवढं पाहा. मार्च एंडला बँकेतला किंवा सीएच्या ऑफिसातला माणूस रात्री दहापर्यंत बसतो, चिडतो, डबा तसाच परत आणतो. पण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्याची झोप जागेवर येते, भूक लागते. ही धावपळ. शरीराने ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं वाढवून वेळ मारून नेली आणि मग ते पुन्हा पूर्वपदावर आलं.

मार्च एंड बाराही महिने चालू राहिला की ही उतरण होतच नाही. पहाटे तीन-चारला जाग येते आणि डोक्यात कालची मीटिंग सुरू होते. रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येतो. मान आखडते, ॲसिडिटीची गोळी रोजची होते, मुलाने पाणी सांडलं एवढ्यावरून घरात आरडाओरडा होतो. दोन दिवस सुट्टी घेऊनही थकवा तसाच राहतो. यातल्या तीन-चार गोष्टी महिनाभर टिकल्या, तर 'सगळ्यांनाच असतं' म्हणून सोडून देऊ नका.

'बर्नआउट' हा आजार आहे का?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या आजारांच्या वर्गीकरणात त्याची नोंद घेतली, पण आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून. तिची तीन लक्षणं दिली आहेत: पार गळून जाणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा तिटकारा वाटणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटत राहणं.

नैराश्याशी याची गल्लत होते. ढोबळ फरक असा की बर्नआउट झालेला माणूस कोकणात चार दिवस गेला तर तिसऱ्या दिवशी माशांचं ताट बघून खुलतो. नैराश्य मात्र सोबत कोकणातही येतं, ताट समोर असलं तरी चव लागत नाही. दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून याचा निर्णय घरी बसून करायचा नसतो.

वरच्या पदावर गेलं की ताण वाढतो, म्हणून साहेबांना हार्ट अटॅक येतात. बरोबर ना?

हा समज फार जुना आहे आणि लंडनमधल्या सरकारी नोकरांनी तो खोटा ठरवला. १९६७ साली तिथे व्हाइटहॉल अभ्यास सुरू झाला. हजारो पुरुष कर्मचाऱ्यांची तपासणी करून पुढची अनेक वर्षं त्यांचा माग ठेवला गेला. संशोधक मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांना दिसलं ते उलटंच होतं. निरोपे आणि दारवान यांच्यासारख्या सर्वांत खालच्या श्रेणीत मृत्यूचं प्रमाण वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट होतं. खालचे लोक सिगरेट जास्त ओढत होते, हे खरं. पण सिगरेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळं हिशेबात धरूनही हा फरक पूर्ण भरून निघेना.

त्याच सुमारास, १९७९ मध्ये, अमेरिकेतले अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी मांडलं की नुसत्या कामाच्या ओझ्यापेक्षा ओझं जास्त आणि अधिकार कमी ही जोडी घातक असते. काम कधी करायचं, कसं करायचं, थांबायचं कधी, यातलं काहीच आपल्या हातात नाही आणि टार्गेट मात्र दुसऱ्याने ठरवलेलं. कॉल सेंटरमधली मुलगी, डिलिव्हरीवाला, आयसीयूतली नर्स, एसटीचा चालक यांचा दिवस आठवून पाहा. साहेबाला ताण नसतो असं नाही. पण दुपारी डोकं दुखलं तर तो केबिनचं दार लावून पंधरा मिनिटं डोळे मिटू शकतो.

मग तब्येत ही ज्याची त्याची जबाबदारी नाही का? कोणी जबरदस्तीने वडापाव भरवत नाही.

नाही भरवत. पण रात्री साडेनऊला ऑफिस सुटल्यावर स्टेशनबाहेर काय मिळतं, तेही माणूस ठरवत नाही.

कंपनीकडून 'वेलनेस'चे ईमेल येतात. पाणी प्या, दहा हजार पावलं चाला, कृतज्ञतेची वही लिहा. त्याच दिवशी रात्री अकराला 'अर्जंट' म्हणून फाइल येते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्र अंदाज प्रसिद्ध केला: आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. हे तास ठरवणारा आणि पावलं मोजायला सांगणारा बहुतेक वेळा एकच असतो. अशा वेळी सगळा दोष कर्मचाऱ्याच्या इच्छाशक्तीवर टाकणं मला सोयीस्कर लबाडी वाटते.

तरीही 'सगळं व्यवस्थेमुळे' म्हणून हात वर करणंही परवडत नाही, कारण शुगर वाढते ती आपलीच. एक काम करून पाहा. गेल्या आठवड्यातल्या ज्या गोष्टींनी तब्येत बिघडवली त्या कागदावर लिहा आणि प्रत्येकीपुढे खूण करा: माझ्या हातात, थोडी माझ्या हातात, अजिबात नाही. विरार ते चर्चगेट प्रवास तिसऱ्या गटात जाईल. रात्री अंथरुणात तासभर रील्स पाहणं पहिल्या गटात. 'रात्री नऊनंतरचे कॉल' तुम्ही बहुधा तिसऱ्यात टाकाल. टीममधल्या आणखी दोघांना विचारलंत तर ते दुसऱ्या गटात सरकतात. बहुतेकांची मधली यादीच सर्वांत लांब निघते आणि काम तिथेच करायचं असतं.

पहाटे पाचला उठून व्यायाम करा म्हणतात. मी झोपतोच साडेबाराला.

मग पाचला उठू नका. साडेचार तास झोपून जिमला जाण्यापेक्षा झोपलेलं बरं.

मोठ्या माणसांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. सलग दहा मिनिटं झाली तरच धरायची, ही जुनी अट २०२० मध्ये काढून टाकली गेली. म्हणजे जिना चढलात, एक स्टॉप आधी उतरलात, फोनवर बोलताना गच्चीत फेऱ्या मारल्यात, हे सगळं जमेत धरा. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम लागला की तो मध्यम व्यायाम.

योगाचं म्हणाल तर लोणावळ्याचं कैवल्यधाम स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये स्थापन केलं आणि पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांची संस्था १९७५ पासून आहे. इतकी जुनी परंपरा दाराशी असताना आपण मोबाइलवर परदेशी ॲपचे पैसे भरून श्वास घ्यायला शिकतो, याची गंमत वाटते. जे रोज जमेल ते करा. दहा मिनिटं चालेल.

मला रात्रपाळी आहे. माझ्यासाठी यातलं काय लागू पडतं?

रात्रपाळीवाल्यांना दिवसपाळीवाल्यांचे सल्ले देणं हा अन्यायच आहे, म्हणून हे उत्तर मोठं आहे.

शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं. हिंजवडीत अमेरिकेच्या वेळेने काम करणारा आणि चाकणला तिसऱ्या पाळीत मशीनवर उभा राहणारा, दोघांचंही शरीर पहाटे तीनला झोपायच्या तयारीत असतं. त्या वेळी घेतलेल्या जेवणानंतर साखर दिवसापेक्षा जास्त चढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीला २००७ मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं आणि २०१९ मध्ये तेच कायम ठेवलं. घाबरून राजीनामा देण्यासाठी हे सांगत नाही. पण आयुष्यभराची रात्रपाळी आणि दोन-तीन वर्षांची रात्रपाळी यात फरक आहे, हे डोक्यात असू द्या.

आता करायचं काय? मुख्य जेवण पाळीवर निघण्यापूर्वी घ्या. मध्यरात्रीनंतर हलकं खा: फुटाणे, ताक, उकडलेलं अंडं, अर्धी भाकरी. बिर्याणीची ऑर्डर टीमसोबत गंमत म्हणून महिन्यातून एकदा. निघण्याआधी वीस-तीस मिनिटं पडलात तर पहाटेची पेंग कमी होते. सकाळी घरी येताना गॉगल घाला, म्हणजे ऊन डोळ्यांत जाऊन मेंदू 'दिवस झाला' असं समजत नाही. खोलीला जाड पडदे लावा. आणि घरच्यांशी एकदा स्पष्ट बोला. सकाळी दहाला दारावरची बेल, कुकरच्या शिट्ट्या, 'झोपलास का रे अजून?' म्हणणारी मावशी, या सगळ्यांनी तुमची झोप तुकड्यातुकड्यांत जाते. दाराला पाटी लावायला लाजू नका. एका दमात सात तास होत नसतील तर सकाळी पाच आणि संध्याकाळी दोन, अशी विभागणीही चालते. वेळ मात्र शक्यतो रोज तीच ठेवा.

डोळे मिटत असताना दुचाकी चालवत घरी जाऊ नका. कंपनीची बस असेल तर बस, नसेल तर अर्धा तास डुलकी काढून निघा. मधुमेह, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर पाळी बदलून मागणं हा लाड नाही. डॉक्टरांचं पत्र घ्या आणि मागा. पाळ्या आठवड्याला फिरत असतील तर सकाळ, दुपार, रात्र अशा क्रमाने पुढे सरकणाऱ्या पाळ्या शरीराला उलट्या क्रमापेक्षा सोप्या जातात. सुपरवायझरला ही गोष्ट बहुतेक वेळा माहीतच नसते.

दिवसाला सहा-सात कप चहा होतो. बंद करू का?

बंद कशाला? वेळ बदला. चहातल्या, झोप उडवणाऱ्या कॅफीनपैकी निम्मं शरीरातून उतरायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाच्या कटिंगचा काही भाग रात्री अकरालाही तुमच्यासोबत जागा असतो. दुपारी तीननंतर कमी करा. आणि सात कपांतली साखर मोजा. चौदा चमचे निघतात की नाही पाहा.

सिगरेट ओढल्यावर मोकळं वाटतं. म्हणजे ताण कमी होतोच ना?

मोकळं वाटतं, कारण मागच्या सिगरेटचं निकोटिन उतरल्यामुळे आलेली बेचैनी नव्या सिगरेटने थांबते. ती बेचैनी तिनेच आणलेली असते. सोडलेल्या लोकांमध्ये काही आठवड्यांनी ताण आणि उदासी कमी झालेली आढळते, वाढलेली नाही. तंबाखू-चुना, मिसरी, गुटखा यांनाही हेच लागू.

पण टपरीवरच्या त्या दहा मिनिटांत आणखी एक गोष्ट असते: खुर्चीवरून उठणं, बाहेरची हवा, मित्राशी साहेबाबद्दल मनमोकळी शिवीगाळ. ताण बराचसा त्यानेच उतरतो. सिगरेट सोडताना ब्रेक सोडू नका. मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती क्रमांक मोफत आहे.

शनिवारी मित्रांसोबत 'बसणं' होतं. आठवड्यातून एकदा काय होतंय?

दारूने झोप लवकर लागते, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती फाटते. म्हणून रविवारी दहा तास झोपूनही डोकं जड. एकदाचं दोनदा झालंय का, 'आज फार वैताग आलाय' म्हणून बुधवारीही बाटली उघडली जाते का, आणि ठरवून महिनाभर थांबता येतं का, हे स्वतःला विचारा. थांबता येत नसेल तर पुण्यातल्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात नुसतं बोलायलाही जाता येतं. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते १९८६ मध्ये सुरू केलं. रोज पिणाऱ्याने मात्र एकदम, एकट्याने बंद करू नये. हात थरथरणं, फिट येणं असे धोके असतात, ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचं.

छातीत दुखतं. ताणामुळे असेल का?

असेलही. पण ते ईसीजी काढल्यावर ठरवा. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, धाप, यांपैकी काही असेल तर १०८ला फोन. गॅस समजून सोडा पिऊन वाट पाहण्यात फार माणसं गेली आहेत.

एरवी तिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब, साखर आणि कमरेचा घेर पाहा. घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर गेला, तर वजन 'नॉर्मल' असलं तरी सावध व्हा. आपल्याकडे चरबी पोटावर आधी चढते.

ऑफिस संपलं की घरची पाळी सुरू होते. 'स्वतःसाठी वेळ काढा' म्हणणाऱ्यांचा राग येतो.

यावा असाच आहे. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला २८९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांचे ८८. हा जवळजवळ साडेतीन तासांचा फरक कुठल्याही ध्यानाने भरून निघत नाही. यावरचा उपाय पोळ्यांची बाई, नवऱ्याने भांडी घासणं, सासूबाईंनी 'आज वरण-भात पुरे' म्हणणं, असाच असतो.

इथे एक वाद नेहमी होतो. 'तो मदत करतो.' मदत नको, वाटणी हवी. मंगळवार आणि शुक्रवारचा डबा त्याचा, म्हणजे भाजी आणण्यापासून डबा धुण्यापर्यंत त्याचा. काय करायचं हे त्याला दर वेळी सांगावं लागलं, तर विचार करण्याचं काम तुमच्याकडेच राहिलं. पहिले काही आठवडे भाजी खारट होईल. होऊ द्या.

मॅनेजरला किंवा एचआरला सांगावं का?

मनातलं सगळं उघड करायची गरज नाही. एचआर कंपनीचं असतं, हे लक्षात ठेवून बोला. 'मला खूप ताण आहे' यापेक्षा 'गेले तीन आठवडे रोज अकरा तास होतायत, या दोनपैकी कोणतं काम पुढे ढकलू?' असं विचारलं तर उत्तर द्यावं लागतं. बोलणं झाल्यावर दोन ओळींचा ईमेल टाका.

कायदा थोडा माहीत असलेला बरा. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, साप्ताहिक सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट दर आहे. छोट्या आस्थापनांना आणि व्यवस्थापकीय पदांना तो सगळा लागू होत नाही. म्हणूनच कदाचित आपल्याकडे भरती होते तीच 'मॅनेजर' म्हणून.

समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ यांत कोणाकडे जायचं? गोळ्यांची सवय लागते ना?

मानसोपचारतज्ज्ञ हे एमडी झालेले डॉक्टर, ते औषध देऊ शकतात. समुपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून उपचार करतात. झोप, भूक, काम तिन्ही कोलमडलं असेल तर आधी डॉक्टर. नुसती घुसमट असेल तर समुपदेशकाकडून सुरुवात चालेल.

नैराश्यावरच्या औषधांची दारूसारखी चटक लागत नाही. पण ती एकदम थांबवली तर चक्कर, बेचैनी येते, म्हणून उतरत्या मात्रेने बंद करतात. झोपेच्या काही गोळ्यांची सवय मात्र खरोखर लागते, आणि नेमक्या त्याच आपण मेडिकलवाल्याकडून ओळखीने आणतो.

पैशांची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि त्यांची बाह्यरुग्ण सेवा नोकरी करणाऱ्या चांगल्या-धडधाकट माणसांसाठीही आहे. ठाण्याची, मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था १९९० पासून मराठीत हे काम करते. कोणी ओळखीचं दिसेल, ही भीती असते. दिसलाच, तर तोही तिथेच आलेला असतो.

कधी कधी वाटतं, सकाळी जागच येऊ नये.

हे आजच कोणाला तरी सांगा. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे, २०२२ पासून चालू आहे, मोफत आहे, दिवसरात्र उचलला जातो आणि मराठीत बोलता येतं. सहकारी असं काही बोलला तर 'वेडा आहेस का' म्हणू नका. 'जीव द्यावासा वाटतो का?' असं सरळ विचारा. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना कळवा, सोबत दवाखान्यात जा.

अश्वगंधा घेऊ का? सगळे घेतायत.

थायरॉइड, मधुमेह किंवा झोपेची औषधं चालू असतील, किंवा गरोदर असाल, तर विचारल्याशिवाय नको. यकृताला त्रास झाल्याच्या नोंदीही आहेत. 'आयुर्वेदिक आहे, म्हणजे अपाय नाही' असं वैद्यही म्हणणार नाहीत.

नोकरीच सोडून द्यावी का?

पहाटे तीनला घेतलेला निर्णय नको. आधी एक आठवडा सलग रजा घ्या आणि त्यात ऑफिसचा ईमेल पाहू नका. परत जाताना पोटात तोच गोळा आला, तर बदलीची किंवा दुसऱ्या टीमची शक्यता पाहा. मग दुसरी नोकरी, आणि शेवटी नुसता राजीनामा. घराचा हप्ता, मुलांची फी धरून सहा महिन्यांचा खर्च बाजूला असेल तर राजीनाम्याचं पत्र लिहिताना हात कापत नाही. याला अपवाद एकच: छळ होत असेल किंवा जीव धोक्यात असेल, तर बचतीची वाट पाहू नका.

आई-वडील 'पर्मनंट नोकरी कशी सोडतोस' म्हणणारच. त्यांच्या काळात गिरण्या बंद पडलेल्या त्यांनी पाहिल्या आहेत, त्यांची भीती पोकळ नाही. त्यांना पगाराचा आकडा सांगण्याऐवजी तुमच्या रक्तदाबाचा आकडा दाखवा.

मानसिक उपचारांना आरोग्य विमा मिळतो का?

२०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच संरक्षण द्यायला हवं. व्यवहारात बहुतेक पॉलिसी दवाखान्यात भरती झाल्यावरचाच खर्च देतात. समुपदेशनाची फी आणि महिन्याच्या गोळ्या तुमच्या खिशातून जातात. ओपीडीचा खर्च धरलेला आहे का, आणि कंपनीकडून काही मोफत सत्रं आहेत का, हे पॉलिसीच्या कागदात शोधा किंवा एचआरला विचारा. 'घरातल्या एकासाठी विचारतोय' म्हटलं तरी माहिती मिळते.